कोंबडीची 'विडाल टेस्ट'

चार-पाच दिवस ताप उतरला नाही की डॉक्टर 'विडाल' तपासणी लिहून देतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. आज आम्ही तिच्यावर पूर्वीइतका भरवसा ठेवत नाही, पण तो विषय वेगळा. याच तपासणीच्या तत्त्वावर अमेरिकेत कोंबड्यांचं रक्त तपासलं जातं, तेही कोंबडी अगदी ठणठणीत दिसत असताना.

गोष्ट सुरू होते पिल्लांपासून. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पंख पाडून एकमेकांना बिलगून बसायची, पांढरी हगवण लागायची आणि पटापट मरायची. लिओ रेटगर या शास्त्रज्ञांनी 1900 साली यामागच्या जंतूचं वर्णन केलं. हा जंतू साल्मोनेला कुळातला, म्हणजे आपल्या टायफॉइडच्या जंतूचा भाऊबंद. त्याचं नाव पुलोरम. लॅटिनमध्ये याचा अर्थच 'पिल्लांचा'.

खरी अडचण मात्र मेलेल्या पिल्लांची नव्हती, जगलेल्यांची होती. आजारातून वाचलेली मादी मोठी होते, चांगली अंडी देते, पण जंतू तिच्या अंडाशयात दडून राहतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतो. तुम्ही 'टायफॉइड मेरी'बद्दल वाचलं असेल. न्यूयॉर्कची ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट होती, पण घरोघरी टायफॉइड देत गेली. 1907 मध्ये तिचा छडा लागला. इथे तर प्रत्येक खुराड्यात अशी एखादी मेरी बसलेली!

त्यात उबवणी यंत्रं आली. हजारो अंडी एकत्र उबायची, त्यामुळे एका रोगट पिल्लाच्या लवेतूनही जंतू शेजाऱ्यांकडे जायचा. 1918 पासून अमेरिकी टपाल खात्याने एक दिवसाची पिल्लं पार्सलने स्वीकारायला सुरुवात केली. पोटात शोषलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, म्हणून हे जमलं. पण पिल्लांच्या खोक्यातून जंतूही देशभर फिरू लागला.

वरून कळत नाही, तर ओळखायचं कसं? 1913 मध्ये परीक्षानळीतली तपासणी आली. विडालसारखंच तत्त्व: रक्तात प्रतिपिंडं असतील तर जंतूंच्या गुठळ्या होतात. पण नळ्या प्रयोगशाळेत, कोंबड्या शेतावर. 1931 च्या सुमारास सोपी युक्ती निघाली. पंखाखालच्या शिरेला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि जांभळा रंग दिलेल्या मृत जंतूंचा थेंब त्यात मिसळायचा. दोन मिनिटांत जांभळे दाणे दिसले की ती कोंबडी कळपातून बाहेर. उरलेल्यांची तपासणी पुन्हा, कळप स्वच्छ निघेपर्यंत.

1935 मध्ये केंद्र आणि राज्यांनी मिळून यावर देशव्यापी योजना सुरू केली. भाग घेणं ऐच्छिक होतं, पण 'तपासलेला कळप' हा शिक्का असला की गिऱ्हाईक विश्वासाने पिल्लं घ्यायचं. मला यातलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. आजही राज्याबाहेर विकायच्या किंवा प्रदर्शनात न्यायच्या कोंबड्यांना, फेझंट आणि लाव्यांसारख्या शिकारीच्या पक्ष्यांनाही, बहुतेक ठिकाणी असा दाखला लागतो. व्यावसायिक कळपांतून पुलोरम जवळजवळ नाहीसा झाला.

पण 1980 च्या दशकात त्याच कुळातला एन्टेरिटिडिस अंड्यांत शिरला. हा कोंबडीला फारसा त्रास देत नाही, माणसाला मात्र जुलाब-तापाने आडवं करतो. डिसेंबर 1988 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला असल्याचं विधान केलं आणि गदारोळात त्यांना राजीनामा द्यावा लागला.

काही संशोधकांचा तर्क असा की, पुलोरम गेल्यानेच ही जागा रिकामी झाली. दोन्ही जंतूंच्या आवरणाचा एक भाग सारखा आहे, त्यामुळे जुन्या रोगाची प्रतिकारशक्ती नव्यालाही अडवत असावी. हे सिद्ध झालेलं नाही, पण म्हणून तपासणी सोडायला हवी होती असंही कुणी म्हणत नाही. पिल्लं मरत नसल्याने एन्टेरिटिडिसची चाहूल लागत नाही. त्यासाठी आता रक्ताच्या थेंबाबरोबर खुराड्यातली विष्ठा आणि धूळही तपासायला घेतात.