ख्रिस्ती शिष्यत्व म्हणजे काय? येशूचे चरित्र आणि पंडिता रमाबाई

बाप्तिस्मा घेतला, रविवारी देवळात हजेरी लावली, की माणूस येशूचा शिष्य झाला, असा सर्वसाधारण समज असतो. ख्रिस्ती परंपरा मात्र तसे मानत नाही. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीक भाषेत शिष्यासाठी 'माथेतेस' हा शब्द येतो आणि त्याचा साधा अर्थ 'शिकणारा' असा आहे. येशू ज्या रीतीने जगला ती रीत शिकणे म्हणजे शिष्यत्व. बाप्तिस्मा ही त्या शिकण्याची सुरुवात.

मग नेमके शिकायचे काय, आणि त्याची किंमत किती? याचे उत्तर समजून घ्यायला पुण्यात घडलेले एक चरित्र उपयोगी पडते. ते म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे. संस्कृत पंडिता, विधवा, एका मुलीची आई आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेली ब्राह्मण स्त्री, ही त्यांची ओळख बहुतेकांना असते. येशूच्या चरित्रातल्या एका प्रसंगाने त्यांच्या पुढच्या कामाची दिशा ठरवली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

येशूने कोणाला बोलावले?

आपल्याकडे शिष्य गुरूच्या शोधात निघतो. यहुदी समाजातही शिकू इच्छिणारा तरुण साधारणपणे स्वतःच धर्मगुरूकडे जात असे. शुभवर्तमानांत हे उलटे दिसते. गालील समुद्राच्या काठी शिमोन पेत्र, त्याचा भाऊ अंद्रिया, याकोब आणि योहान हे कोळी आपल्या कामात असताना येशू तिथे जातो आणि त्यांना आपल्यामागे यायला सांगतो. मत्तयला तर तो जकातनाक्यावरून उठवतो. रोमी सत्तेसाठी वसुली करणारे जकातदार स्वकीयांच्या नजरेत गद्दार होते. म्हणजे निवड पात्रता पाहून झालेली नाही. लूकच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरीया, योहान्ना, सुसान्ना या स्त्रियाही येशूबरोबर गावोगाव फिरताना दिसतात आणि स्वतःच्या पैशाने त्या मंडळींचा खर्च चालवतात. बारा प्रेषितांच्या यादीत त्यांची नावे नाहीत, त्यामुळे त्या बऱ्याचदा विसरल्या जातात.

विहिरीवरचे पाणी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला प्रसंग मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भर दुपारी येशू थकून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शोमरोनी समाजातली एक स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांना विटाळलेले मानत, त्यांच्या भांड्याला तोंड लावत नसत. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तीच चकित होऊन विचारते, तुम्ही माझ्याकडे पाणी कसे मागता? तिची पाच लग्ने झालेली आहेत आणि आता ती ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नाही. हे ठाऊक असूनही येशू तिच्याशी धर्माच्या गाभ्याबद्दल बोलतो. गावातून परतलेले शिष्य तो एका बाईशी बोलतोय हे पाहूनच अवाक होतात. ती घागर तिथेच टाकून गावाकडे धावते, लोकांना बोलावून आणते, आणि येशू त्या शोमरोनी गावात दोन दिवस राहतो.

शिष्यांना इथे कोणी प्रवचन देत नाही. गुरू काय करतो ते पाहायचे आणि आपला धक्का पचवायचा, एवढाच त्यांचा धडा.

रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. शहरात काम करणाऱ्या वाँटेज पंथाच्या ख्रिस्ती भगिनींशी त्यांची ओळख झाली आणि त्यांच्याच आधाराने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी समाजाने टाकलेल्या, 'पतित' म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवत. अशा बायकांना दूर लोटायचे असते, एवढेच रमाबाईंनी तोवर पाहिले होते. या भगिनी त्यांच्याशी इतक्या आपुलकीने का वागतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीचीच गोष्ट सांगण्यात आली. हा अनुभव रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवला आहे. धर्मांतराच्या निर्णयामागे इतरही कारणे होती. नेहेम्या गोरे यांच्या पत्राचा प्रभावही त्यांनी सांगितला आहे. पण पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाकडे पाहिले तर वजन या गोष्टीचेच जास्त वाटते.

धर्मांतरानंतर पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

पंचहौदातला चहा

त्या काळच्या पुण्यात कोणाच्या हातचे पाणी घेतले याला किती महत्त्व होते? ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांना चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी हजर होती. उपस्थितांची नावे छापून आली, ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांपर्यंत पोचले. हे सारे एका कपामुळे.

नेमक्या त्याच सुमारास, नोव्हेंबर १८९० मध्ये, रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्याला हलवले. ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेली ही उच्चवर्णीय विधवांसाठीची शाळा. तिची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई नातू पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली गेली. सदनात धर्मप्रसार होणार नाही, मुलींना आपले आचार पाळता येतील, असे ठरले होते आणि त्या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार म्हणून पाठीशी उभे होते.

अडचण प्रार्थनेची झाली. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत. काही मुली येऊन बसू लागल्या. मी कोणाला बोलावत नाही, पण दारही लावणार नाही, अशी त्यांची भूमिका. 'केसरी'ने याविरुद्ध लिहिले, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. टीका अगदीच निराधार नव्हती. पालकांनी मुली शिकायला पाठवल्या होत्या, आणि लहान वयाच्या, निराधार मुलींवर आवडत्या बाईंच्या वागण्याचा प्रभाव पडतोच. दुसरीकडे, ज्या श्रद्धेतून हे काम उभे राहिले तीच दाराआड लपवायची, हे रमाबाईंना मान्य नव्हते. शिष्यत्वाची किंमत आधी मोजावी, बुरूज बांधणारा जसा आधी खर्चाचा हिशेब करतो तसा हिशेब करावा, असे येशू लूकच्या शुभवर्तमानात सांगतो. रमाबाईंना ती किंमत पुण्यातल्या हितचिंतकांच्या रूपाने मोजावी लागली.

पाय धुणारा गुरू

पाद्यपूजा आपल्या ओळखीची आहे. त्यात शिष्य गुरूचे पाय धुतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते सहन होत नाही, तो नको म्हणतो. हे काम त्या समाजात घरातल्या नोकराचे होते. मी केले तसे तुम्ही एकमेकांचे करा, असे येशू त्यांना सांगतो.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरील केडगाव इथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. तिथेच 'मुक्ती' उभी राहिली. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. इथे जात पाहिली गेली नाही. शेती, विणकाम, छापखाना, तेलघाणा ही कामे मुलीच करू लागल्या. अंध मुलींसाठीच्या विभागाला येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्या बार्तीमयाचे नाव देण्यात आले. आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. फुलहॅममध्ये विचारलेल्या प्रश्नाला रमाबाईंनी दिलेले हे आपले उत्तर म्हणता येईल.

आज्ञा नेमकी कोणाची?

शिष्यत्व म्हणजे चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवणे, असा अर्थ काढणाऱ्यांशीही रमाबाईंचे पटले नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. गुरुस्थानी असलेल्या या बाईंशी त्या मायेने, पण तितक्याच ठामपणे वाद घालतात. इंग्लंडमध्येही त्यांनी शाकाहार सोडला नाही. लॅटिन अक्षरे असलेला क्रूस त्यांना नको होता, कारण ती भाषा आपल्या देशातल्या बायकांना कळणारी नव्हती. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त नव्हे. इतकी उघड कबुली धार्मिक आत्मकथनांत क्वचितच आढळते.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याची छपाई आणि बांधणी तिथल्याच स्त्रियांनी केली.