जन्माचे बहुमत आणि मताचे बहुमत

निवडणूक पार पडली, मतमोजणी संपली, निकाल जाहीर झाला, की लोकशाहीचे काम आटोपले असे आपण समजतो. वस्तुतः तिची खरी परीक्षा त्याच दिवशी सुरू होते. जिंकलेल्यांनी हरलेल्यांशी कसे वागावे आणि हरलेल्यांनी आपला पराभव कोणत्या भावनेने स्वीकारावा, या दोन प्रश्नांची उत्तरे मतपेटीतून निघत नाहीत. ती समाजाला आपल्या वर्तनाने द्यावी लागतात.

मलेशियाच्या राजकारणाकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न विशेष ठळकपणे डोळ्यांसमोर येतो. नोव्हेंबर २०२२ मधील निवडणुकीत तेथील २२२ जागांच्या सभागृहात कोणत्याच आघाडीला बहुमत मिळाले नाही, आणि काही दिवसांच्या वाटाघाटींनंतर अन्वर इब्राहिम पंतप्रधान झाले. त्या निकालाची चर्चा करणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच हिशेब होता : मलायी मते कोणीकडे गेली, चिनी मते कोणीकडे गेली, भारतीय वंशाच्या मतदारांनी कोणाला साथ दिली? दिल्लीत बसून हा हिशेब वाचताना परक्या घरातील भांडण दुरून पाहावे तसा अलिप्तपणा आपल्याला वाटण्याचे काही कारण नाही. हाच हिशेब आपल्या देशात चाळीस वर्षे मांडला जात होता, आणि तो बंद करण्याचा निर्णय याच दिल्लीत झाला. तो निर्णय कसा झाला, कोणाच्या भरवशावर झाला आणि त्याने आपल्यावर कोणते ऋण ठेवले, याविषयी मला जे वाटते ते आज सांगावयाचे आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो अनेकदा मांडला. भाषावार राज्यांवरील आपल्या १९५५ मधील लेखनातही त्यांनी त्याची फोड केली आहे. बहुमत दोन प्रकारचे असते. एक राजकीय बहुमत. ते विचाराने, कार्यक्रमाने, मन वळविण्याने घडते. त्यात कोणालाही शिरता येते आणि त्यातून कोणालाही बाहेर पडता येते. दुसरे जन्माने मिळालेले बहुमत. त्याचे दार बंद असते. राजकीय बहुमतापुढे हरलेला मनुष्य उद्याची आशा धरू शकतो. जन्माच्या बहुमतापुढे हरलेल्याला उद्याही आजच्यासारखाच असतो. निवडणुकीनंतर समाजात शांतता नांदेल की वैर वाढेल, हे पुष्कळ अंशी या भेदावर अवलंबून आहे.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखान यांच्या नेतृत्वाखाली एक मुस्लिम शिष्टमंडळ सिमल्यास व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटले. आपले प्रतिनिधी आपणच निवडावे, इतरांच्या मतांवर ते अवलंबून नसावेत, ही त्यांची मागणी. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी ती मान्य केली. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसनेही विभक्त मतदारसंघांचे तत्त्व पत्करले, आणि लोकमान्य टिळकांनी त्या कराराच्या मागे आपले वजन उभे केले. परसत्तेशी झुंजताना घरातील वाद मिटवून घ्यावा, त्यासाठी काही जास्तीचे द्यावे लागले तरी हरकत नाही, ही त्यांची दृष्टी होती. १९१९ च्या कायद्याने शीख, भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि युरोपियन यांनाही निरनिराळ्या प्रांतांत विभक्त मतदारसंघ मिळाले. त्याच कायद्याखाली मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. मात्र त्या संयुक्त मतदारसंघांतल्या होत्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

विभक्त मतदारसंघ आणि राखीव जागा या दोन गोष्टींची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. राखीव जागेत उमेदवार विशिष्ट समाजाचा असतो, परंतु मते सर्वांची मागावी लागतात. विभक्त मतदारसंघात उमेदवार एका समाजाचा आणि मतदारही त्याच समाजाचे. त्यामुळे शेजारच्या आळीतील मनुष्याच्या दारी जाण्याचे उमेदवाराला काही प्रयोजनच उरत नाही. उलट, शेजाऱ्याविषयी तो जितके कडवट बोलेल तितका आपल्या लोकांत अधिक निष्ठावान ठरतो, आणि समजुतीची भाषा बोलणारा फितूर ठरण्याची भीती असते.

तरीही ज्यांनी विभक्त मतदारसंघ मागितले त्यांना सरसकट देशद्रोही ठरविणे हा अन्याय होईल. त्यांची भीती खोटी नव्हती. खुद्द डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत अस्पृश्य समाजासाठी हीच मागणी केली होती, कारण जो समाज पाणवठ्यावर पाणी भरू देत नाही तो मतपेटीपाशी न्याय देईल असे मानण्यास त्यांना आधार दिसत नव्हता. ऑगस्ट १९३२ मध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या जातीय निवाड्याने ती मागणी मान्य केली. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी २० सप्टेंबरला उपोषण आरंभिले. आणि २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने विभक्त मतदारसंघांच्या जागी संयुक्त मतदारसंघांतील १४८ राखीव जागा आल्या. निवाड्यात हा आकडा ७१ होता. प्राण पणाला लागलेला असताना झालेल्या या तडजोडीविषयी आजही मतभेद आहेत, आणि ते समजण्यासारखे आहेत.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकांचा धडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या निवडणुकांत काँग्रेसला मोठे यश मिळाले. मुस्लिमांसाठी ४८२ जागा होत्या. त्यांपैकी केवळ ५८ काँग्रेसने लढविल्या आणि २६ जिंकल्या. पण मुस्लिम लीगलाही मुस्लिम जागांपैकी चौथा हिस्साही मिळाला नाही, हे आपण विसरतो. म्हणजे त्या वर्षी भारतातील मुस्लिम मतदार कोणा एका पक्षाच्या दावणीला बांधलेला नव्हता. संयुक्त प्रांतात काँग्रेसला स्वबळावर बहुमत मिळाले, आणि लीगला मंत्रिमंडळात घेण्याच्या वाटाघाटी फिसकटल्या. लीगच्या विधिमंडळ गटाने आपले निराळे अस्तित्व विसर्जित करावे, अशी काँग्रेसची अट होती. संसदीय नियमाप्रमाणे काँग्रेसची बाजू बिनतोड होती : ज्याला बहुमत आहे त्याने भागीदार का घ्यावा? परंतु जेथे बहुमत जन्माचे आहे अशी अल्पसंख्याकांना शंका असते, तेथे केवळ नियमावर बोट ठेवून भागत नाही. या वाटाघाटी यशस्वी झाल्या असत्या तर फाळणी टळली असती, असे मी म्हणणार नाही. इतिहासाला एकच कारण नसते. पण पुढे १९४५-४६ च्या निवडणुकांत मध्यवर्ती कायदेमंडळातील मुस्लिमांच्या तीसच्या तीस जागा लीगने जिंकल्या, हे सत्य आहे. आठ वर्षांपूर्वी विखुरलेला मतदार एका गटात गोळा झाला, आणि अविश्वासाची मशागत करणारी यंत्रणा हाताशी तयारच होती.

त्यानंतर दिल्लीतील तो प्रसंग आला. २७ व २८ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीत अल्पसंख्याकांच्या हक्कांवर चर्चा झाली. पंजाब पेटला होता, निर्वासितांचे तांडे दिल्लीकडे येत होते. अशा वेळी मद्रासच्या बी. पोकर साहेबांनी विभक्त मतदारसंघ कायम ठेवण्याची सूचना मांडली. गोविंद वल्लभ पंतांनी आणि सरदार पटेलांनी तिला कसून विरोध केला, व समितीने ती फेटाळली. मुस्लिम व ख्रिस्ती यांच्यासाठी संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा मात्र त्या वेळी राहिल्या. सप्टेंबरात दंगलीचा वणवा दिल्लीत शिरला. ज्या शहरात १९४१ मध्ये तीन माणसांमागे एक मुसलमान होता, तेथे १९५१ च्या शिरगणतीत हे प्रमाण शेकडा सहाहूनही खाली आलेले दिसते. पुराण्या किल्ल्यात दिल्लीचेच नागरिक निर्वासित होऊन बसले होते, आणि पश्चिम पंजाबातून आलेले हिंदू व शीख निर्वासित दुसऱ्या छावण्यांत होते. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींनी याच दिल्लीत आपले अखेरचे उपोषण केले.

या पार्श्वभूमीवर ११ मे १९४९ रोजी सल्लागार समितीत जे घडले त्याचे मोल ध्यानात येईल. धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागाही रद्द कराव्यात, असा ठराव तेथे मांडला गेला. मांडणारे होते बंगालचे ख्रिस्ती नेते डॉ. एच. सी. मुखर्जी. त्याच महिन्यात घटना समितीने तो मान्य केला. बेगम एजाज रसूल यांनी त्याला पाठिंबा देताना, राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतात आणि अखेर त्यांचाच घात करतात, असा विचार मांडला. सर्व सभासद एकमताचे होते असे नाही. परंतु भयाची अत्यंत ताजी कारणे असताना संरक्षण सोडण्यास अल्पसंख्याकांतील प्रतिनिधी स्वतः पुढे आले, याला तोड नाही. पंडित नेहरूंनी २६ मे रोजी या निर्णयाला श्रद्धेचे कृत्य म्हटले, आणि ही श्रद्धा सार्थ करण्याची जबाबदारी मुख्यतः बहुसंख्य समाजावर असल्याचे बजावले.

त्याच्या काही महिने आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, डॉ. आंबेडकरांनी समितीला आयर्लंडमधील एक संवाद सांगितला होता. रेडमंड कार्सनला म्हणाला, अल्पसंख्याकांसाठी हवी ती संरक्षणे माग, पण आयर्लंड अखंड राहू दे. कार्सनने उत्तर दिले, खड्ड्यात गेली तुमची संरक्षणे, आम्हाला तुमचे राज्यच नको. भारतातील अल्पसंख्याकांनी ही भूमिका घेतली नाही, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. मुळात जन्माच्या असलेल्या बहुमताचे राज्य त्यांनी निष्ठेने स्वीकारले. तेव्हा त्यांच्याविरुद्ध भेदभाव न करणे हे बहुसंख्याकांचे कर्तव्य आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या कर्तव्याचा विसर पडल्यास काय होते आणि आठवण राहिल्यास काय होते, या दोन्ही गोष्टी मलायाच्या इतिहासात आहेत. १९५५ मध्ये तेथील पहिल्या निवडणुकीत दर पाच मतदारांपैकी चारांहून अधिक मलायी होते. तरीही टुंकू अब्दुल रहमान यांच्या आघाडीने ५२ पैकी १७ जागी चिनी व भारतीय उमेदवार उभे केले, आणि ते सर्व निवडून आले. मलायी मतदारांनी परक्या वंशाच्या माणसाला मत दिले ते आपल्या नेत्याच्या शब्दाखातर. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याच्या राज्यघटनेचा आराखडा करणाऱ्या रीड आयोगात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हेही होते. विभक्त मतदारसंघ तेथे नव्हते. पण पक्षच वंशावर उभे होते. वरच्या पातळीवर नेत्यांचा समझोता असे, खाली समाज आपापल्या कुंपणात राहत. १० मे १९६९ च्या निवडणुकीत आघाडीचे बळ घटले, विरोधकांनी क्वालालंपूरमध्ये विजयाच्या मिरवणुका काढल्या, त्यांना उत्तर म्हणून दुसरा जमाव जमला, आणि १३ मे रोजी दंगल पेटली. सरकारी आकड्याप्रमाणे १९६ माणसे मेली. संसद १९७१ पर्यंत स्थगित राहिली. दंगलीची मुळे आर्थिक विषमतेत खोलवर होती हे खरे. पण ठिणगी पडली ती विजयाच्या जल्लोषातून आणि त्याने दुखावलेल्या अहंकारातून. पुढे मे २०१८ मध्ये साठ वर्षांची सत्ता मतदानाने पालटली, आणि रस्त्यावर रक्त सांडले नाही. सत्ता हातची गेली तरी आपण आणि आपला देश शिल्लक राहतो, हा अनुभव मिळण्यास त्या देशाला दोन पिढ्या लागल्या.

आपण तो अनुभव पुष्कळ आधी घेतला, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती एकाच रांगेत उभे राहिले आणि मत टाकून घरी गेले. दिल्लीत तर सुमारे पाच लाख निर्वासितांच्या जखमा ओल्या होत्या. परंतु केवळ अभिमानाने ऋण फिटत नाही. २०११ च्या जनगणनेत मुसलमान शेकडा १४ हून अधिक होते. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ लोकसभा सदस्यांत ते २४ आहेत. यावर उपाय म्हणून पुन्हा विभक्त मतदारसंघांकडे वळावे असे माझे मत नाही. त्या वाटेचा शेवट आपण पाहिला आहे. पण संयुक्त मतदारसंघाचे तत्त्व जिवंत राहावयाचे असेल तर प्रत्येक पक्षाने दुसऱ्या समाजातील माणसाला उमेदवारी दिली पाहिजे आणि त्याच्यासाठी आपल्या लोकांकडे मते मागितली पाहिजेत. टुंकूंनी १९५५ मध्ये जे केले ते आपल्याला अशक्य का व्हावे? आणि अल्पसंख्य मतदारानेही आपले मत कोणा ठेकेदाराच्या हवाली न करता कामाचा हिशेब पाहून दिले पाहिजे, कारण गठ्ठ्याने पडणारे मत समोर दुसरा गठ्ठा तयार करते.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजणे इतरांहून सोपे जावे. नागपूरला किंवा पुण्याला तो बहुसंख्य असतो. येथे आला की त्याची भाषा बोलणारे मूठभर असतात. माणसे तीच, गाडीचा एक रात्रीचा प्रवास तेवढा मध्ये पडतो. महाराष्ट्रात परप्रांतीयाशी आपण ज्या न्यायाने वागतो, तोच न्याय आपल्याला येथे मिळावा असे म्हणण्याची आपली तयारी आहे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. बहुसंख्य असणे हा कोणाचाच कायमचा पत्ता नाही, आणि १९४९ मध्ये दिल्लीत दिलेला शब्द प्रत्येक निवडणुकीनंतर नव्याने पाळावा लागणार आहे.