लाक्विलाचा एक गोल

२६ ऑगस्ट १९६० रोजी इटलीतील लाक्विला या डोंगराळ प्रदेशातील शहरात रोम ऑलिंपिकचा एक फुटबॉल सामना झाला. निकाल असा : हंगेरी २, भारत १. इतिहासाच्या बाडात ही एक ओळ. परंतु त्या एका गोलाच्या अंतरात आपल्या आठ वर्षांच्या कष्टांचा हिशेब आहे.

१९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुळीस मिळविले. त्या थंडीत आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्याच युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात २-० ने नमवून हंगेरीने सुवर्णपदक जिंकले. ज्यांनी आपल्यावर दहा गोल केले, त्यांनाही भारी ठरलेला असा हा संघ! १९५६ च्या उठावानंतर पुश्काशसारखे खेळाडू मायदेशास मुकले, तरी नवी पिढी उभी राहिलीच. शिवाय ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंचे. पश्चिमेकडील देशांना आपले व्यावसायिक खेळाडू उतरवता येत नसत. हंगेरीचे खेळाडू मात्र कागदोपत्री हौशी, आणि तयारीने कोणाही व्यावसायिकाच्या तोडीचे.

त्यांच्याशी गाठ पडली तेव्हा आपला कर्णधार होता प्रदीपकुमार बॅनर्जी आणि गुरू होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक असलेले रहीमसाहेब हेलसिंकीलाही संघाबरोबर होते. तो पराभव त्यांनी विसरू दिला नाही. पायांत बूट आले, शिस्त आली. १९५६ मध्ये मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत चौथा आला.

लाक्विलाला पूर्वार्धात गोरोचने आणि उत्तरार्धात अठरा वर्षांच्या फ्लोरिआन आल्बर्टने गोल केला. हाच आल्बर्ट पुढे १९६७ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन गोलांनी मागे पडलेला संघ सहसा खचतो. आपला खचला नाही. अखेरची अकरा मिनिटे उरली असताना तुलसीदास बलरामने गोल फेडला. बरोबरीचा गोल मात्र झाला नाही.

हंगेरीने पुढे पेरूला ६-२ आणि फ्रान्सला ७-० असे हरवले. गटात तो अजिंक्य राहिला. त्या फ्रान्सशी आपण १-१ अशी बरोबरी केली. म्हणून लाक्विलाच्या पराभवाला ‘नैतिक विजय’ म्हणण्याचा मोह होतो. पण लगेच पेरूने आपल्याला ३-१ असे हरवले आणि आपण गटात शेवटचे आलो, हेही सांगितले पाहिजे. थोडक्यात हरणे हे प्रशस्तिपत्र नव्हे. उरलेले अंतर कसे कापणार, हा तो प्रश्न असतो.

रहीमसाहेबांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला हरवले, तेही २-१ असेच! मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळलेले फोर्तुनातो फ्रँको त्या संघात होते. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

रोमनंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताचा संघ पुन्हा दिसला नाही. नऊ गोलांनी हरलो, तेव्हा आपण शिकलो. एका गोलाने हरलो आणि पुढे जिंकलोही, तेव्हा मात्र पोहोचलो असे समजून थांबलो. मंडळी, त्या दिवशी कमी पडलेल्या एका गोलापेक्षा हे थांबणे आपल्याला अधिक महाग पडले.