पुसण्यासाठी लागणारी स्मृती: डेटाबेसच्या इतिहासातला एक पेच 🧵

१/ कोट्यवधी नोंदी पुसल्या की संगणकात जागा मोकळी व्हावी, ही साधी अपेक्षा. प्रत्यक्षात अनेकदा काम अर्ध्यावर थांबते आणि पडद्यावर संदेश उमटतो: मेमरी अपुरी! या विरोधाभासाची मुळे १९७० च्या दशकात आहेत.

२/ १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल प्रारूप मांडले. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे करायचे ते यंत्राने ठरवावे. पुढे एसक्यूएलमध्ये 'डिलीट' ही एका ओळीची आज्ञा झाली. ओळ लहान, तिच्यामागचे काम मात्र अवाढव्य.

३/ आयबीएमच्याच 'सिस्टिम आर' प्रकल्पात जिम ग्रे आणि सहकाऱ्यांपुढे प्रश्न होता: पुसणे चालू असतानाच यंत्र बंद पडले तर? उत्तर होते 'ट्रान्झॅक्शन'. काम एकतर पूर्ण होईल, नाहीतर मुळी झालेच नाही असे राहील.

४/ हे वचन स्वस्त नव्हते. काम मागे फिरवता यावे म्हणून पुसलेल्या नोंदीचे जुने रूप जपावे लागते. शिवाय मध्येच कोणी ती नोंद बदलू नये म्हणून तिला 'लॉक', म्हणजे कुलूप, लागते. एका कुलपाला १०० बाइट धरले, तरी एक कोटी नोंदींची कुलपे सुमारे १ जीबी मेमरी व्यापतात.

५/ १९७६ साली ग्रे, लॉरी, पुत्झोलू आणि ट्रेगर यांनी कुलपाच्या आकाराचाच विचार मांडला. प्रत्येक नोंदीला कुलूप लावले तर हिशेब वाढतो. संपूर्ण तक्त्याला एकच लावले तर इतर सारे खोळंबतात. आजही एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका आज्ञेने एका तक्त्यावर किमान ५,००० कुलपे घेतली की यंत्रणा संपूर्ण तक्त्यालाच कुलूप लावू पाहते.

६/ १९९२ साली आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 'एरीज' पद्धत प्रसिद्ध केली. बदल डिस्कवर जाण्याआधी त्याची नोंद रोजकीर्दीत गेलीच पाहिजे, या जुन्या नियमावर तिची उभारणी होती.

७/ म्हणूनच जाणकार आधी पाहतात, मेमरी नेमकी कशाने भरली: कुलपांनी, की परकीय किल्ल्यांच्या प्रलंबित तपासण्यांनी? मग काही हजारांच्या तुकड्यांत पुसतात आणि प्रत्येक तुकडा कायम करतात. तक्ता महिन्यांनुसार विभागलेला असेल, तर जुना विभागच काढून टाकतात.

८/ पण तुकडे पाडताच 'सर्व किंवा काहीच नाही' हे वचन संपूर्ण कामापुरते मोडते. मध्येच थांबल्यास अर्ध्या नोंदी गेलेल्या, अर्ध्या उरलेल्या. ती स्थिती चालेल का, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते आज्ञा देण्यापूर्वी माणसानेच ठरवायचे असते.