पंचांगाबाहेरची पाल

आपल्या पंचांगात पालीला मानाची जागा असते. ती उजव्या खांद्यावर पडली तर काय, डाव्या पायावर पडली तर काय, याचे कोष्टकच तिथे छापलेले! बोलता बोलता ती चुकचुकली, की घरातली वडीलधारी माणसे अजूनही ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतात. पण भिंतीवर कधीच न चढणारी एक पाल आपल्या मुलखात आहे, आणि तिची दखल कोष्टकाने घेतलेली नाही. जी अंगावर पडूच शकत नाही, तिचे फळ सांगणार तरी कोण?

ही बिबळी पाल. पिवळसर अंगावर काळे ठिपके, गाजरासारखी जाड शेपूट, आणि डोळ्यांना चक्क पापण्या. घरातल्या पालीला पापण्या नसतात. बिचारी जिभेने डोळे पुसते. म्हणूनच 1827 साली ग्रे या इंग्रज पंडिताने या कुळाला ‘सुंदर पापण्यांची’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. पुढे 1854 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर एडवर्ड ब्लाइथ याने पंजाबातल्या मिठाच्या डोंगरांमधील पालीचे वर्णन प्रसिद्ध केले. हा ब्लाइथ डार्विनला पत्रांतून हिंदुस्थानातल्या प्राण्यांची माहिती कळवीत असे. महाराष्ट्र-गुजरातेतली पाल हिची सख्खी बहीण. तिला वेगळी जात म्हणून मान्यता मिळायला मात्र विसावे शतक सरत आले. 2014 साली सातपुड्यातून आणखी एक बहीण उजेडात आली.

मुंबईत 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ गृहस्थांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. सापसरड्यांकडे शकुनाच्या नव्हे, तर अभ्यासाच्या नजरेने पाहण्याची सवय या शहराला लागली ती अशा मंडळींमुळे.

इकडे असे चालले असता तिकडे युरोप-अमेरिकेत ब्लाइथची पाल घरोघर पोसली जाऊ लागली. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून गेलेल्या जोड्यांची पिल्ले काचेच्या पेट्यांत वाढली, त्यांची पुढे पिल्ले झाली, आणि आता पांढऱ्या, केशरी अशा रानात न दिसणाऱ्या रंगांच्या पाली तिथे विकत मिळतात. कारण सोपे आहे. हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, त्यामुळे काच चढून पळणे नाही. भूक लागली तर शेपटीत साठवलेल्या चरबीवर ती दिवस काढते. नीट सांभाळली तर वीस वर्षेही जगते.

तिचे घर कसे असावे, हे समजायला कर्जत-खालापूरकडची एखादी ठाकुरवाडी आठवावी. कारवीच्या कुडाची सारवलेली घरे, आणि परड्याला रचलेल्या दगडांचा गडगा. पालीची पेटी म्हणजे घरात आणलेला गडगाच! एका बाजूला बत्तीस अंशांच्या आसपास ऊब, दुसरी बाजू गार, दोन्हीकडे दडायला कपार. आणि कात टाकण्यासाठी एक ओलसर बीळ. ऊब खालून हवी, कारण ही निशाचर. दिवसभर तापलेल्या दगडावर पोट टेकून ती अन्न पचवते. खायला जिवंत रातकिडे, त्यांना चुन्याच्या सत्त्वाची पूड फासून. ती नसेल तर हाडे वाकतात. भाजीपाला ती हुंगतही नाही. उष्णतेची आणखी एक गंमत अशी, की अंडी साधारण सव्वीस अंशांत उबवली तर बहुतेक माद्या निघतात, बत्तीस-तेहतीसला नरांचा भरणा, आणि त्याहून वर पुन्हा माद्याच!

एवढे कौतुक परदेशी, आणि इथे? ठिपके दिसले की विषारी ठरवून काठी उगारायची. वास्तविक भारतात एकही पाल किंवा सरडा विषारी नाही. उलट पेटीच्या हौसेपायी इथल्या रानातून तिला उचलून आणणे हेही मला काठीइतकेच वाईट वाटते. पेटीतल्या पाली पेटीतच जन्मल्या आहेत. आपली पाल गडग्यात राहते. रात्री उशिरा, उकाडा उतरल्यावर, कंदील हळूच खाली धरला तर पापण्या मिटवून उघडताना दिसते.