मिस झालेली गाडी

सफाळ्याच्या फलाटावर धापा टाकत पोचावं आणि विरारकडे निघालेल्या लोकलचा शेवटचा डबा लहान लहान होत जाताना दिसावा, हे इकडच्या माणसाला नवं नाही. कॉलेजातला पोरगा फोन काढतो आणि सांगतो, ‘गाडी मिस झाली.’ बाकावर बसलेली आजी विचारते, ‘चुकली का रे गाडी?’ तारापूरच्या कारखान्यात कामाला असलेला उत्तरेकडचा मुलगा म्हणतो, ‘गाडी छूट गई.’ आणि पेठेतले गुजराती शेठ म्हणतात, ‘हुं गाडी चूकी गयो.’ गाडी एकच, वाक्यं चार.

यातलं पोराचं वाक्य सर्वांत नवं, म्हणून त्याच्या क्रियापदाची चौकशी करावीशी वाटली.

इंग्रजीत ‘मिस’ फार जुना. हजारेक वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितात टिकलेल्या ‘बेओवुल्फ’ या काव्यात तो भेटतो, आणि भेटतो तो एका भीषण प्रसंगात. राजा ह्रेथेलचा एक मुलगा बाण सोडतो, नेम चुकतो आणि बाण सख्ख्या भावाला लागतो. तिथे चुकण्यासाठी जे क्रियापद आलं आहे, तेच हे. (आपल्या दशरथाचं उलट झालं. त्याचा नेम बरोबर लागला, सावज चुकलं.) ‘मिस’चा आधीचा अर्थ हाच, नेम हुकणं. पुढे त्यात न सापडणं, न गाठता येणं आलं. एखाद्याच्या नसण्यानं जीव कासावीस होणं हा अर्थ पंधराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. गाडीची पाळी अर्थातच सर्वांत शेवटी.

त्याच्याही मागे गेलं, तर भाषेचे अभ्यासक ‘अदलाबदल होणे’ अशा अर्थाच्या मूळ धातूपाशी पोचतात. त्याच मुळाचा एक फाटा संस्कृतात आला: मिथ्या. म्हणजे सफाळ्याचा पोरगा ‘मिस झाली’ म्हणतो तेव्हा तो वेदान्त्यांच्या ‘मिथ्या’चा लांबचा चुलतभाऊ तोंडात घोळवत असतो. ‘मिस्टेक’मधला मिस हाही याच घराण्यातला. ‘मिस्चीफ’मधला मात्र नाही. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘उणे’ या अर्थाच्या शब्दापासून आला. आणि शाळेतली ‘मिस’ तर अगदी वेगळ्या गोत्राची, ती ‘मिस्ट्रेस’चं आखूड रूप. मुलं ‘आज आम्ही मिसला मिस केलं’ म्हणतात तेव्हा दोन परकी कुळं एका वाक्यात शेजारी बसतात.

आता आजीच्या क्रियापदाकडे वळू. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण रचलं. संस्कृत ‘भ्रंश्’ या धातूऐवजी लोक काय बोलतात, याची यादी त्यात आहे. तिच्यात ‘चुक्क’ आहे आणि शेजारी ‘फिट्ट’ व ‘भुल्ल’ आहेत. आपलं चुकणं, पांग फिटणं आणि भुलणं तिथे एकाच रांगेत उभी आहेत. भ्रंश म्हणजे जागेवरून ढळणं. चुकणं म्हणजे मुळात अपराध नव्हे, फक्त ढळणं, हे लक्षात ठेवावं. पुढे त्याचं काम आहे.

या चुकण्याचा पसारा बघा. नेम चुकतो, वाट चुकते, वेळ चुकते, काळजाचा ठोका चुकतो. बाजारात दोघांची चुकामूक होते. कळपातून मागे राहिलेलं जनावर चुकार. कोणी नजर चुकवतो, कोणी तिकीट चुकवतो. ‘न चुकता ये’ हे आमंत्रण. आणि लेक सासरी गेली की घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं. ‘मिस’ने नेम हुकण्यापासून विरहापर्यंत जो प्रवास केला, तोच आपल्या क्रियापदाने कुणाचीही मदत न घेता केला. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, त्याच मुक्कामी उतरल्या. या सगळ्या कुळकथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

मग ‘मिस’ हवा कशाला होता?

शाळेच्या वहीत आम्ही ‘मिस म्हणजे चुकणे’ असं लिहून घेतलं होतं. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला भेटायचं. पहिलीपासून ते 2000 साली आलं. एकदा गणित चुकलं आणि मी बेधडक ‘माय सम मिस्ड’ लिहिलं. त्यावर लाल रेघ आली. ‘मिस’ला गणित चुकवता येत नाही, हे तेव्हा कळलं. गाडी, नेम, माणूस, संधी ही त्याची हद्द. उत्तर चुकण्याला इंग्रजीत दुसरे शब्द आहेत. आपल्याकडे मात्र सगळ्याला एकच चुकणं, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे. शाळेने चूक आणि बरोबर यांची वाटणी केली, लाल शाई ‘चूक’च्या नावे लागली. ढळण्याचा साधा शब्द दोषाचा झाला. आज ‘गाडी चुकली’ म्हणताना जराशी कबुली दिल्यासारखं वाटतं. ‘मिस झाली’ म्हटलं की कोणी जबाबदार नाही.

गंमत अशी, की इंग्रजीत दोष माणसाचाच आहे. तिथे कर्ता ‘मी’, मी गाडी मिस करतो. शेठजींच्या गुजराती वाक्यातही चुकणारा ‘हुं’च. मराठीत गाडी चुकते, आपण बाजूला उभे. ‘मिस’ मराठीत आला तेव्हा आपण त्याला इथली व्याकरणाची टोपी घातली आणि ‘होणे’ जोडून गाडीला पुन्हा कर्ता केलं. माणसासाठी मात्र ‘करणे’ ठेवलं: गाडी मिस होते, माणसाला मिस करतात. ही वाटणी इंग्रजीत नाही.

त्याहून मोठी करामत मिस कॉलची. जो फोन घेतला गेला नाही तो मिस्ड. पण आपण तो ‘देतो’, नाहीतर ‘मारतो’. मोबाइलवरचं बोलणं महाग होतं तेव्हा एक-दोन रिंग देऊन फोन ठेवायचा, पलीकडच्याने ओळखायचं. गाडीत बसलो, स्टेशनावर उतरलो, घ्यायला ये. चुकणं ठरवून करायची ही पद्धत इतकी रुजली की 2011 मध्ये भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने पाठिंब्यासाठी लोकांकडे मिस कॉलच मागितले.

सफाळ्यात हे सगळं जरा जास्त ऐकू येतं, याला कारण आहे. बीबीसीआय या रेल्वे कंपनीचा लोहमार्ग 1864 मध्ये गुजरातेतून मुंबईला येऊन भिडला. उपनगरी लोकल मात्र विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत यायला 2013 चा एप्रिल उजाडला. तोवर शटल आणि पॅसेंजर. विरारपुढे लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या त्याच दोन मार्गांवर. विरार-डहाणू रोड या 64 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2016 मध्ये मंजुरी मिळाली. अंधेरीला गाडी हुकली तर चार मिनिटांत दुसरी येते, त्यामुळे तिथे या क्रियापदाला वजन नाही. एडवण-दातिवऱ्याकडून एसटीने येऊन जिन्यावर धावणाऱ्याला ते वजन ठाऊक असतं.

एक मात्र मला मान्य नाही. दूरदेशी गेलेली मुलं आईला फोनवर ‘मिस करतो’ म्हणतात. ते तीन सेकंदांत संपतं. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय, हे म्हणायला वेळ लागतो, आणि ऐकणाऱ्यालाही तो मिळतो. गाडीसाठी ‘मिस’ खुशाल वापरा. आईसाठी दुसरा शब्द घरात आहे, तो एकदा काढून बघा.