कुळ, सोयरीक आणि फुटबॉल : 'बिग टेन'ची सव्वाशे वर्षे

१/
एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाला एका प्रतिष्ठित संघटनेतून मतदान घेऊन बाहेर काढण्यात आले. १९०९ पासून, म्हणजे तब्बल १०२ वर्षे, ते तिचे सभासद होते. अवघ्या दहा महिन्यांपूर्वी याच विद्यापीठाला फुटबॉलच्या एका धनाढ्य मंडळाने आपल्यात घेतले होते आणि घेताना हे सभासदत्व जमेस धरले होते. संघटनेने काढले, मंडळाने मात्र ठेवून घेतले. असे का झाले, हे समजण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. #इतिहास #थ्रेड

२/
प्रथम थोडी ओळख. अमेरिकेत विद्यापीठांचे क्रीडासंघ अफाट लोकप्रिय आहेत. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकी फुटबॉल. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. ही विद्यापीठे गट करून आपसात खेळतात. अशा गटाला 'कॉन्फरन्स' म्हणतात. नियम एक, वेळापत्रक एक आणि दूरचित्रवाणीकडून येणारे उत्पन्नही सामाईक. गट बदलला की विद्यापीठाचे प्रतिस्पर्धी बदलतात, मिळकत बदलते आणि पंगतही बदलते.

३/
या गटांतील सर्वांत जुना म्हणजे 'बिग टेन'. जानेवारी १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने मध्यपश्चिमेतील सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागोत जमले. फुटबॉल हाताबाहेर चालला होता. वर्गात कधी न दिसणारे, पैसे घेऊन खेळणारे गडी विद्यापीठाच्या नावाने मैदानात उतरत. १८९६ मध्ये मंडळ स्थापन झाले. त्याचे अधिकृत नाव होते 'इंटरकॉलेजिएट कॉन्फरन्स ऑफ फॅकल्टी रिप्रेझेंटेटिव्ह्ज', म्हणजे प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद. खेळावर प्राध्यापकांचा अंकुश असावा, हा हेतू त्या नावातच होता.

४/
अंकुश ठेवणे सोपे नव्हते. १९०५ च्या हंगामात मैदानावर अनेक तरुणांचे प्राण गेले. तेव्हा मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजेल यांच्या आवाहनावरून १९०६ मध्ये मंडळाने कठोर नियम केले. हंगामात पाचच सामने, खेळाडूला तीनच वर्षे खेळण्याची मुभा, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बंदी. हे नियम पुढे जाचले ते मिशिगनलाच. त्यांनी मंडळ सोडले आणि १९१७ मध्ये ते परतले. त्यांच्या पुनरागमनाने सभासद दहा झाले आणि 'बिग टेन' हे नाव रूढ झाले.

५/
याच काळात दुसरी एक संघटना उदयास आली. युरोपात, विशेषतः जर्मनीत, अमेरिकी पदव्यांना फारसा मान नव्हता. हा मान मिळवण्यासाठी आणि पीएच.डी.चा दर्जा राखण्यासाठी १९०० मध्ये १४ विद्यापीठांनी 'असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज' स्थापन केली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड, बर्कली ही तिची संस्थापक नावे. हिचा खेळाशी काडीचाही संबंध नव्हता. येथे अर्ज करून प्रवेश मिळत नाही. निमंत्रण यावे लागते.

६/
मंडळातील शिकागो, मिशिगन आणि विस्कॉन्सिन हे त्या १४ मध्ये होतेच. पुढील सतरा वर्षांत इलिनॉय, मिनेसोटा, आयोवा, इंडियाना, ओहायो स्टेट आणि नॉर्थवेस्टर्न यांनाही निमंत्रण मिळाले. अशा रीतीने फुटबॉलचे मंडळ आणि संशोधनाची संघटना यांची सभासदयादी एकमेकींवर बसत गेली. जुन्या पद्धतीच्या लग्नात जसे कुळ पाहत, तसे मंडळ नव्या सभासदाकडे पाहू लागले. फुटबॉल उत्तम हवाच; पण घराणेही तोलामोलाचे हवे.

७/
कुळाचा विचार सर्वांत गंभीरपणे केला तो शिकागो विद्यापीठाने. १८९० मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे विद्यापीठ. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी आरंभीच ॲमॉस अलोंझो स्टॅग या प्रशिक्षकाला बोलावून घेतले. नव्या विद्यापीठाचे नाव घरोघरी पोहोचवण्याचे ते साधन होते आणि ते फळालाही आले. हाइझमन हा मानाचा पुरस्कार १९३५ मध्ये प्रथम दिला गेला तो शिकागोच्याच जे बर्वँगर यांना.

८/
पण १९२९ मध्ये अध्यक्ष झालेले रॉबर्ट मेनार्ड हचिन्स निराळ्या विचारांचे होते. तिकिटांच्या उत्पन्नासाठी खेळवला जाणारा फुटबॉल विद्यापीठाच्या कार्याशी विसंगत आहे, असे ते उघडपणे लिहीत. इकडे शिकागोचा संघही खालावला. १९३९ मध्ये मिशिगनने त्यांना ८५-० असे, तर ओहायो स्टेट आणि हार्वर्ड यांनी प्रत्येकी ६१-० असे हरवले. त्याच डिसेंबरात शिकागोने फुटबॉल बंद केला आणि १९४६ मध्ये मंडळही सोडले.

९/
त्या मैदानाचे पुढे काय झाले? २ डिसेंबर १९४२ रोजी स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखालच्या एका खोलीत एन्रिको फर्मी यांच्या पथकाने जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. १९७० मध्ये त्याच मैदानाच्या जागेवर विद्यापीठाचे भव्य रेगनस्टीन ग्रंथालय उघडले. फुटबॉल सोडल्याने शिकागोची प्रतिष्ठा तिळमात्र कमी झाली नाही. १९६९ मध्ये फुटबॉल तेथे परतला, पण लहान प्रमाणावर, खेळाडूंना शिष्यवृत्ती न देणाऱ्या विभागात.

१०/
शिकागोची रिकामी जागा मिळवली ती मिशिगन स्टेटने, १९४९ मध्ये. तेव्हा ते 'विद्यापीठ' नव्हते. शेतकी आणि उपयोजित विज्ञानाचे महाविद्यालय होते. अध्यक्ष जॉन हॅना यांनी जाणून घेतले होते की, या मंडळात बसले म्हणजे मोठ्या विद्यापीठांच्या पंगतीत बसल्यासारखे आहे. १९५५ मध्ये त्यांच्या संस्थेला विद्यापीठ हे नाव मिळाले आणि १९६४ मध्ये संशोधन संघटनेचे निमंत्रण. येथे क्रम उलटा झाला. आधी सोयरीक जुळली, कुळाची मान्यता मागाहून आली. अर्थात त्यामागे हॅना यांनी संशोधनावर घेतलेली मेहनतही होती.

११/
सोयरिकीतून खरे शैक्षणिक काम उभे राहिले, हेही नोंदवले पाहिजे. १९५८ मध्ये इंडियाना विद्यापीठाचे हर्मन वेल्स आणि इतर अध्यक्षांनी 'कमिटी ऑन इन्स्टिट्यूशनल कोऑपरेशन' स्थापली. एका विद्यापीठाच्या संशोधक विद्यार्थ्याने दुसऱ्यात जाऊन शिकावे, ग्रंथालयांनी ग्रंथ एकमेकांना द्यावेत, महागडी साधने वाटून घ्यावीत, असा हा व्यवहार. विशेष म्हणजे मंडळ सोडून गेलेले शिकागो विद्यापीठ या समितीत होते आणि २०१६ पर्यंत राहिले. आज ती 'बिग टेन ॲकॅडमिक अलायन्स' म्हणून ओळखली जाते.

१२/
मग १९८४ साल उजाडले. तोवर विद्यापीठीय फुटबॉलचे कोणते सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत, हे 'एनसीएए' ही राष्ट्रीय संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की, हे नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. आता प्रत्येक विद्यापीठ, आणि पर्यायाने प्रत्येक गट, आपले सामने स्वतः विकू शकत होता. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एके काळचे नामांकित फुटबॉलपटू होते. विद्यापीठीय खेळाचे शैक्षणिक स्वरूप यामुळे धोक्यात येईल, अशी त्यांची भीती होती.

१३/
निकालानंतर गटाचे बळ दर्शकसंख्येवर मोजले जाऊ लागले. बिग टेनने १९९० मध्ये पेन स्टेटला घेतले. २००७ मध्ये स्वतःची वाहिनीच काढली. केबल घेणाऱ्या प्रत्येक घरामागे वाहिनीला शुल्क मिळे. म्हणून ज्या प्रदेशात घरे अधिक, तेथील विद्यापीठ मोलाचे. २०१४ मध्ये मेरिलँड आणि रटगर्स आले ते याच हिशेबाने: एक वॉशिंग्टनच्या लगत, दुसरे न्यूयॉर्कच्या. दोघेही संशोधन संघटनेचे सभासद होते, हे खरे. परंतु बोलणी सुरू झाली ती त्यामुळे नव्हे.

१४/
नोत्र दामचे उदाहरण याहून बोलके आहे. या कॅथलिक विद्यापीठाच्या फुटबॉलला देशभर चाहते आहेत. १९९९ मध्ये बिग टेनशी त्याची बोलणी झाली. तेथील प्राध्यापकांच्या सभेने प्रवेशाच्या बाजूने कौल दिला, कारण त्यांचे लक्ष ग्रंथालये आणि संशोधन-सहकार्याकडे होते. विश्वस्तांनी मात्र स्वतंत्र राहणेच पसंत केले. नोत्र दाम तेव्हा संशोधन संघटनेचे सभासद नव्हते. ते निमंत्रण त्यांना २०२३ मध्ये मिळाले. दर्शकसंख्या पुरेशी मोठी असली, तर कुळाची अट सैल होऊ शकत होती.

१५/
आता पुन्हा नेब्रास्काकडे. जून २०१० मध्ये त्याला प्रवेश मिळाला तेव्हा बिग टेनची अकराही विद्यापीठे संशोधन संघटनेत होती. त्या वेळचे कुलगुरू हार्वी पर्लमन यांनी नंतर मान्य केले की, संघटनेचे सभासदत्व नसते तर निमंत्रण आले असते की नाही, याची शंकाच आहे. आणि मंडळात अधिकृत पदार्पण होण्याआधीच, एप्रिल २०११ मध्ये, संघटनेने दोन तृतीयांश मतांनी त्याला काढले. मतदानाने सभासद काढण्याची ही त्या संघटनेच्या इतिहासातील पहिलीच वेळ.

१६/
कारण होते मोजमापाचे. संघटना खुल्या स्पर्धेतून मिळालेल्या केंद्रीय संशोधन निधीला अधिक वजन देते. नेब्रास्काचे मोठे काम शेतीत. त्यासाठीचा बराच निधी ठरावीक सूत्राने येतो, स्पर्धेतून नव्हे. शिवाय ओमाहा येथील वैद्यकीय केंद्र प्रशासकीयदृष्ट्या वेगळे असल्याने त्याचे संशोधन हिशेबात धरले गेले नाही. शेतकऱ्यांच्या करावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाला शेतीचे संशोधन कमी तोलाचे ठरल्याने जावे लागले, ही बोच तेथे राहिली. बिग टेनने मात्र अवाक्षर काढले नाही. आज त्याच्या १८ सभासदांपैकी संघटनेबाहेर असलेले नेब्रास्का हे एकमेव आहे.

१७/
शेवटचा अंक पश्चिम किनाऱ्यावर घडला. १९१५ मध्ये मूळ धरलेला तेथील गट पुढे 'पॅक-१२' झाला. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन्ही विद्यापीठे बिग टेनकडे जात असल्याचे जाहीर झाले. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने तीन दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी डॉलरचा करार केला. वर्षभराने ओरेगन आणि वॉशिंग्टनही गेले, तेही सुरुवातीस कमी वाट्यावर. आता सिएटलचा संघ सामन्यासाठी सुमारे चार हजार किलोमीटरवरच्या न्यू जर्सीला जातो. फुटबॉलपटू हंगामात मोजक्याच वेळा प्रवास करतात. व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींचे वर्ग मात्र वारंवार बुडतात.

१८/
मागे उरले स्टॅनफर्ड आणि बर्कली. संशोधन संघटनेचे हे दोघेही संस्थापक. नोबेल विजेत्यांची परंपरा, जगातील अग्रगण्य प्रयोगशाळा. कुळच पाहायचे, तर यांच्याहून थोर कुळ कोणते? बिग टेनने त्यांना बोलावले नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये प्रवेश मिळवला, तोही दूरचित्रवाणी उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के वाट्यावर. पॅसिफिक महासागराशेजारची ही दोन विद्यापीठे आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने खेळतात.

१९/
ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांच्या वाट्याला तेही आले नाही. ही दोन्ही सार्वजनिक विद्यापीठे लहान गावांत वसलेली, शेतकी आणि तांत्रिक शिक्षणाची परंपरा असलेली. दोन्हीही संशोधन संघटनेबाहेर आणि मोठ्या शहरांपासून दूर. २०२४ च्या हंगामात शतकभराच्या त्या गटात केवळ हीच दोन उरली. राज्यातल्या राज्यात ज्यांच्याशी शंभरावर वर्षे सामने खेळले, ते शेजारी वेगळ्या पंगतीला गेले.

२०/
या सव्वाशे वर्षांत विद्येच्या प्रतिष्ठेने दारावर पहारा दिला. कोणाला आत घेऊ नये, हे तिने कधी कधी ठरवले. कोणाला बोलवावे, हे ठरवण्याचे बळ तिच्यात उरले नाही. नेब्रास्काचे कुळ गेले तरी सोयरीक टिकली; स्टॅनफर्डचे कुळ असूनही जुळली नाही. दोन्हीकडे निर्णय केला तो प्रेक्षकांच्या हिशेबाने. तरीही १९५८ पासून चालत आलेली ग्रंथांची देवघेव चालूच आहे. कोणत्या संघाने कोणता गट सोडला, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

(समाप्त)